सोपान मास्तरांचा परण्या

अण्णांनी कॉर्नेट ओठांपासून बोटभर बाजूला केलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “संपा, पाय आला.”

झालं. मी साइड ड्रमवरचा चालीचा ठोका तिथल्या तिथं मोडला आणि नाचाचा धरला. मागनं मोठ्या ढोलानं तो उचलला, बाबालालच्या क्लॅरिनेटनं गिरकी घेतली आणि अण्णांनी उभ्या जागी असा काही सूर लावला की नवरदेवाच्या घोड्यापुढं चालणारी पोरं सुतासारखी सरळ चालली होती ती एकदम वाकडीतिकडी झाली. कुणी रुमाल दातांत धरला, कुणी गुडघ्यावर बसला, एक तर रस्त्यावर आडवाच झाला. घोडा थांबला, करवल्या थांबल्या, मागच्या बायका थांबल्या. आटपाडीच्या पेठेतला सगळा परण्या जागच्या जागी उभा राहिला.

आमच्या मुलखात लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेतात आणि तिथनं घोड्यावर बसवून वाजतगाजत मांडवात आणतात. त्याला परण्या म्हणतात. नवरदेव शेंडग्यांचा सुनील, मुहूर्त गोरजाचा, आणि मारुतीपासून मांडव म्हणजे पार बाजार मैदानाच्या वरच्या टोकाला. एवढं अंतर अण्णांना पायी तोडायचं होतं, आणि त्यांचा पाय दुखतोय हे कुणालाही कळू द्यायचं नव्हतं. मांडवात ते मास्तर म्हणून उभे राहिले तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडणार होते. नाही राहिले तर परत कॉटवर जाऊन पडणार होते, आणि कॉटवर पडले तर पाय जाणार होता. हे त्या गर्दीत फक्त मला आणि बाबालालला माहीत होतं.

“अरे, चला की आता,” म्हणत एक उंच, सडपातळ, टोपीवाला माणूस गर्दीतनं वाट काढत पुढं आला. गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ, आणि कपाळावर एवढ्या आठ्या की मोजता येऊ नयेत. हे नवरीचे मामा, पिसेमामा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, नुकतेच निवृत्त झालेले. उभं आयुष्य गाड्या वेळेवर सोडण्यात गेलेलं. आता भाचीचं लग्न वेळेवर सोडायला आले होते.

“मास्तर, पुढं चला,” ते अण्णांच्या कानाशी ओरडले.

अण्णांनी डोळ्यांनीच ‘पोरं नाचतायत, मी काय करू’ असं सांगितलं आणि वाजवत राहिले. डावा पाय त्यांनी जरा वाकवून सैल सोडला होता. थोड्या वेळानं कॉर्नेट पुन्हा बोटभर बाजूला झालं.

“मोकळा झाला.”

मी ठोका बदलला. चालीची धून लागली आणि एवढा मोठा घोळका आपला आपण चालू लागला. कुणी कुणाला चला म्हटलं नाही. मला त्या क्षणी एवढं हसू फुटलं की काठी हातातनं निसटायचीच बाकी होती. बाबालालनं माझ्याकडं बघून एक भुवई वर केली. गडी खूश होता.

हे सगळं सुरू झालं त्याच्या आधीच्या दिवाळीत. अण्णा, म्हणजे माझे वडील सोपान ऐवळे, आमच्या बँडचे मास्तर. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, आणि हातात ते पितळी कॉर्नेट. तीन खटक्यांवर बोटं नाचवत ते पुढं चालायचे, तेव्हा मागचा बँड त्यांच्या पाठीकडं बघून चालायचा. पण त्या साली मिरवणुकीत ते मधनंच खाली वाकायला लागले. कधी बुटाची नाडी, कधी कॉर्नेटमधली थुंकी झाडायची, कधी कुणा ओळखीच्याला रामराम. मला वाटलं, वय झालं, गप्पिष्ट झाला माणूस. पुढं एकदा खरसुंडीच्या रस्त्यावर त्यांनी माझा दंड असा आवळून धरला की चट्टे उठले. पोटरीत पेटके येत होते. थांबलं की दोन-चार मिनिटांत जायचे, चाललं की पुन्हा हजर.

आईनं वीट तापवून शेकलं, तेल चोळलं. पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना, तेव्हा मी त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी पायाची नाडी चाचपली, मशीन लावलं, छातीचा कागद काढला.

“सोपानराव,” ते म्हणाले, “पायाला रक्त नेणाऱ्या शिरा आतून कडक झाल्यात, अरुंद झाल्यात. पाण्याच्या नळीत क्षार धरतो ना, तसं. विडी आजपासून बंद. गोळ्या रोज. विटेनं शेकायचं नाही, भाजलं तरी तुम्हाला कळायचं नाही.”

“आणि चालायचं न्हाई?”

“उलट. चालायचंच. दुखायला लागलं की थांबायचं, कमी झालं की परत चालायचं. रोज. तेच मोठं औषध आहे. बसून राहिलात तर एक दिवस हा पाय माझ्याकडं ठेवून जावं लागेल.”

“आणि वाजवायचं?”

“छाती चांगली आहे. वाजवा खुशाल.”

विडी अण्णांनी मिरजेच्या स्टँडवरच फेकली, परत तिच्याकडं बघितलं नाही. गोळ्या आई घड्याळाकडं बघून द्यायची. पण चालायचं म्हटलं की हा माणूस कॉटला चिकटला. बँड मी आणि बाबालाल नेत होतो, आणि अण्णा आढ्याकडं बघत पडलेले. जखम भरत आली, पण पाय गारच.

“अण्णा, नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं,” मी म्हणायचो.

“जातो की. अन् मधी थांबलो की? चहाच्या गाड्यावरची माणसं काय म्हणतील? सोपान मास्तर बघा, धा पावलं चालतोय अन् खांबाला धरून उभा राहतोय. मला चालायची लाज न्हाई रं संपा. थांबायची हाय.”

त्यांचं दुखणं तिथं होतं. आयुष्यभर त्यांनी पोरांना एकच शिकवलं होतं: बँड चालत असताना मास्तर थांबत नसतो. मागं पडणाऱ्याला त्यांनी भर रस्त्यात शिव्या घातलेल्या. आता तेच कसे थांबणार?

आईनं एक दिवस मला चुलीपुढं बसवलं. “संपा, ह्यांना घराबाहेर काढ. कसंबी काढ. माझं ऐकत न्हाईत, डॉक्टरचं ऐकत न्हाईत. पाय गेला तर माझ्या जल्माला रोज एकच पाय दाबायचा राहील,” असं म्हणून ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पदरानं ते पुसून तिनं पुन्हा भाकरी थापायला घेतली.

त्यानंतर आठवड्याभरात आमच्या दारावरून दुसऱ्या कुणाचा तरी परण्या चालला होता. अण्णा कॉटवरून ऐकत होते आणि तोंड वाकडं करत होते. “भिकार वाजवतंय. सूर बघ कुठं चाललाय.” वाजत वाजत तो परण्या आमच्या लिंबाखाली अडकला तो अडकलाच. मी सहज म्हणालो, “दारातनं कोपऱ्यापर्यंत जायला ह्यांना केवढा वेळ.”

“लागणारच की. नाचाची चाल धरली की माणसं थांबत्यात. चालीची धरली की चालत्यात. मास्तरच्या हातात असतंय ते…”

आणि अण्णा बोलता बोलता थांबले. मीही थांबलो. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. एवढे दिवस मेलेले डोळे, त्यात काहीतरी चमकलं.

“संपा,” ते कॉटवर उठून बसले, “शेंडग्यांची सुपारी कधीची हाय?”

तर असा तो परण्या. मारुतीपासून पेठेपर्यंत आम्ही कितीदा थांबलो याचा हिशेब मी ठेवला नाही. अण्णांना पाय आला की नाच, पाय मोकळा झाला की चाल. आणि काय सांगू, असा परण्या आटपाडीत कुणी बघितला नव्हता. इतर बँड एकाच चौकात तासभर खिळवतात आणि मग माणसं कंटाळतात. आमचा परण्या सारखा थांबत होता आणि सारखा निघत होता. नाचणाऱ्याला दम लागायच्या आत चाल लागायची, चालणारा कंटाळायच्या आत नाच लागायचा. पोरं चेकाळली. नवरदेव घोड्यावर बसल्या बसल्या हात हलवत होता. दुकानदार फळ्या सोडून रस्त्यावर आले. एक म्हातारी करवलीला म्हणाली, “असा बँड पाहिजे बाई, म्हाताऱ्या माणसाला सोसंल असा.”

आणि अण्णा? अण्णा पेटले होते. गाल फुगलेले, कोटाचे गोंडे उडतायत, डोळ्यांत पोराचा खोडकरपणा. एकदा मला वाटलं आता ते थांबतील, तर त्यांनी मान हलवून ‘अजून न्हाई’ म्हणून खुणावलं आणि पार पुढच्या चौकापर्यंत गेले. पहिल्यापेक्षा लांब. माझा ऊर भरून आला. डॉक्टर म्हणाले होते तेच, चालायचं आणि थांबायचं, आणि अख्खं गाव त्यांच्यासोबत चालत होतं आणि थांबत होतं.

“आजचा दिस लई दिसांनी आला रं,” ते एका थांब्याला म्हणाले. घामानं डबडबलेले, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

पण पिसेमामा होते ना.

पेठ संपते तिथं त्यांनी शिट्टी फुंकली. अशी फुंकली की घोडा दचकला. बँड गप्प झाला.

“बास,” मामा म्हणाले. “मी मारुतीपासून बघतोय. ही पोरं नाचत नाहीत, तुम्ही नाचवताय, मास्तर. आता नाचाची एकही चाल वाजवायची नाही. सरळ मांडव. भटजी खोळंबलेत, सूर्य खाली चाललाय. माझ्या भाचीचा मुहूर्त मी चुकू देणार नाही.” आणि ते स्वतःच बँडच्या पुढं, अण्णांच्या चार हात अंतरावर, पाठ करून उभे राहिले. “चला. चालीची वाजवा.”

पेठेपासून बाजार मैदान म्हणजे चढ. सपाटीवर अण्णांना जे जमत होतं ते चढावर निम्मंही जमलं नसतं.

“काय करायचं?” मी हळूच विचारलं.

“काय करायचं म्हंजे? वाजवायचं,” अण्णा म्हणाले.

निघालो. मामा पुढं ताठ मानेनं, पायांत घड्याळ बांधल्यासारखे. मागं अण्णा. पहिल्या काही खांबांपर्यंत सूर स्वच्छ होता. मग कॉर्नेट किंचित हललं. मग एक स्वर चिरकला. आयुष्यात मी अण्णांचा स्वर चिरकलेला ऐकला नव्हता. बाबालालनं वरनं क्लॅरिनेट टाकून तो झाकला. अण्णांची मान लाल झाली होती, डावा पाय ओढत होते, आणि कॉर्नेट खाली घेत नव्हते. मी त्यांच्याजवळ सरकलो. त्यांनी मान हलवली. नाही. नाही म्हणजे नाही.

आणखी चार पावलं मी सोसली. मग दोन्ही काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या.

ठोका बंद पडला की बँड बंद पडतो. सगळं एकदम शांत झालं. मामा गर्रकन वळले. “आता काय झालं?”

“ड्रमचं कातडं सैल पडलंय मामा,” मी म्हणालो. “जरा आवळतो. एवढंच.”

मामांनी दात खाल्ले. मी खाली बसून उगाच दोऱ्या ओढायला लागलो. अण्णा माझ्या डोक्यावर उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मनात म्हटलं, घ्या थांबून घ्या, मी दहा मिनिटं दोऱ्या ओढीन.

“कातडं चांगलं हाय,” अण्णा म्हणाले.

मी वर बघितलं.

“पोरगं खोटं बोलतंय, मामा. माझा पाय थांबलाय. पायाच्या शिरा कडक झाल्यात. चाललं की पोटरी आवळतीया, मग थांबावं लागतंय. मारुतीपासनं मी त्यापायीच नाचाची चाल वाजवत होतो. पोरांचा काय दोष न्हाई.” आणि ते शेजारच्या खांबाला धरून उभे राहिले. भर रस्त्यात. सगळ्यांच्या देखत.

मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. मुठी आवळून मी वाट बघत होतो. कुणी हसलं नाही. नाचणाऱ्या पोरांतला एक पुढं आला, तोच मघाशी रस्त्यात आडवा झालेला. “एवढंच होय मास्तर? आमच्या खांद्यावर बसा की. मांडवात नाचवतच नेतो तुम्हाला.” बाकीचे तीन-चार लगेच बाह्या सरसावून पुढं झाले.

“उचलू नका,” अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पोरं मागं सरली. “चालायचंच औषध हाय मला. उचलून नेलं तर मी घरातच बरा होतो.”

नवरदेव घोड्यावरून म्हणाला, “मग थांबूया की. पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?”

मामांनी सूर्याकडं बघितलं, मांडवाकडं बघितलं. बिचाऱ्याची खरोखर पंचाईत झाली होती.

“नवरदेवानं थांबायचं न्हाई,” अण्णाच म्हणाले. “मुहूर्त हाय. संपा, बँड घेऊन पुढं हो. मी येतो मागनं.”

“अण्णा, तुम्हाला एकट्याला—”

“ठोका जोरात ठेव. मला ऐकू आला पाहिजे. अन् अक्षता पडताना पहिला सूर कुणाचा?”

“तुमचा.”

“मग झालं तर. पळ आता.”

आमच्या बँडची ती रीत होती. शेवटचं ‘सावधान’ झालं की आधी मास्तरचं कॉर्नेट एकटं वाजायचं, आणि त्याच्यावर सगळा बँड कोसळायचा. अण्णांच्या बापापासून चालत आलेली.

आम्ही निघालो. मी वळून बघितलं नाही, हिंमतच झाली नाही. चढाच्या वर मांडवात पोचलो आणि तिथं एकच धांदल उडाली. नवरदेवाला उतरवलं, ओवाळलं, पाटावर उभं केलं. अंतरपाट धरला. पिसेमामा धावत जाऊन नवरीला घेऊन आले आणि तिच्या मागं उभे राहिले. ध्वनिक्षेपकावर भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. माणसांनी मुठीत अक्षता घेतल्या.

मी मांडवाच्या दारात उभा, तोंड रस्त्याकडं. चढ अर्धा दिसत होता, खालचा वळणाआड. रस्ता सगळा रिकामा, कारण सगळं गाव मांडवात. आणि तेवढ्यात वळणापलीकडनं कॉर्नेट ऐकू आलं. चालीची धून. एकटीच.

“आले,” बाबालाल म्हणाला.

पहिलं मंगलाष्टक संपलं. अक्षतांचा पहिला फवारा उडाला. कॉर्नेट थांबलं. दुसरं मंगलाष्टक कुणा मावशीनं म्हटलं, लांबलचक, त्यात दोन्ही घरांतल्या सगळ्यांची नावं. माझं लक्ष कुठं होतं? मी त्या वळणाकडं बघत होतो. कॉर्नेट परत वाजलं आणि वळणावर लाल कोट दिसला. माझ्या हातातल्या काठ्या आपोआप ड्रमवर पडायला लागल्या, हळू, नुसता ठोका, त्यांना ऐकू जाईल एवढा. कुणीतरी वळून ‘गप की’ म्हणालं. मी ऐकलं नाही.

लाल कोट थोडा वर सरकला. थांबला. रिकाम्या रस्त्याच्या अगदी मधोमध. आता लपायला नाच नव्हता, पोरं नव्हती, खांबही नव्हता. अण्णा नुसते उभे होते, पाय सैल सोडून, कॉर्नेट छातीशी धरून. मग परत निघाले.

“संपा,” बाबालाल कानाशी आला, “चौथं सुरू झालंय. शेवटचं. अण्णा पोचायचे न्हाईत. मी उचलू काय पहिला सूर?”

“थांब.”

“अरं सावधान झालं अन् बँड गप्प राहिला तर लगीन बिघडंल की लेका. लोक काय म्हणतील?”

बाबालालचं चुकत नव्हतं. पण त्यानं तो सूर लावला असता आणि अण्णांनी तो चढावर उभ्या उभ्या ऐकला असता, तर ते तिथनंच मागं फिरले असते. कॉटवर. मला हे स्वच्छ दिसत होतं.

“थांब म्हटलं ना.”

भटजी चौथ्याच्या शेवटच्या ओळीवर आले. अण्णा अजून लांब होते आणि पुन्हा थांबले होते. बाबालालनं क्लॅरिनेट ओठांना लावलं. मी डोळे मिटले.

आणि ध्वनिक्षेपक खरखरला. भटजींच्या हातातनं तो कुणीतरी काढून घेतला होता.

“अजून एक आहे,” पिसेमामांचा आवाज.

भटजी म्हणाले, “अहो मामा, वेळ—”

“गोरज आहे भटजी, सूर्य अजून टेकायचाय. मला कळतं घड्याळ.” आणि मामांनी घसा खाकरून मंगलाष्टक सुरू केलं.

काय गळा, काय सूर. तसं भीषण मंगलाष्टक मी आजतागायत ऐकलेलं नाही. त्यांना पाठ काहीच येत नव्हतं. ते आपल्या एसटीच्या मार्गावरचे देव घेत सुटले. खरसुंडीचा सिद्धनाथ आला, रेवणसिद्ध आला, आरेवाडीचा बिरोबा, औंधची यमाई, म्हसवडचा नाथ. फलाटावर गाड्या पुकाराव्यात तसा एकेक देव पुकारत होते आणि प्रत्येकाला हेल काढून ओढत होते. मांडवात खसखस पिकली. नवरी अंतरपाटामागं खांदे हलवून हसत होती. पण मामा हसत नव्हते. भाचीच्या डोक्यावरून, सगळ्या मांडवाच्या डोक्यावरून ते दाराबाहेर रस्त्याकडं बघत होते. नियंत्रकाची नजर, गाडी कुठवर आली ते बघणारी.

तेव्हा कुठं लोकांनी मागं वळून बघितलं. एकानं बघितलं, मग दुसऱ्यानं. मघाशी सोबत नाचलेली पोरं दाराशी आली. सगळ्यांना रिकाम्या चढावरनं वर येणारा तो लाल कोट दिसला. हसणं थांबलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. एक पोरगी उतावीळपणे टाकायला गेली, तिच्या आईनं तिचा हात धरला.

अण्णा आले. मांडवाच्या कमानीशी आले आणि तिथं पाय पुन्हा आवळला. पाच हात राहिले होते. ते थांबले. आता मात्र त्यांनी कशाचा आधार घेतला नाही, नाडी बांधायचं नाटक केलं नाही. उघडे थांबले, मान वर करून, सगळ्या गावापुढं. त्यांनी मामांकडं बघितलं आणि कॉर्नेट उचललं.

मामांच्या तोंडी तेव्हा कुठल्याशा गावची लक्ष्मी होती. ती त्यांनी अर्ध्यावर सोडली. “शुभ मंगल सावधान.”

आणि अण्णांनी तो सूर लावला. कसा होता म्हणून सांगू? दम लागलेला माणूस, घामानं निथळणारा, आणि सूर असा सरळ वर गेला की मांडवाच्या झालरीसुद्धा हलल्या असतील. मग आम्ही सगळे त्यावर कोसळलो. अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली गेला, पोरं ओरडायला लागली, बाबालाल रडत रडत वाजवत होता, मी तर ड्रमवर काय बडवत होतो ते माझं मला कळत नव्हतं.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा अण्णा कमानीजवळच्या खुर्चीत होते, बूट काढून, पाय पुढं सोडून. पिसेमामा लाडवाची ताटली घेऊन आले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

“मास्तर, पाय कसाय?”

“हाय की. चालतोय, थांबतोय.”

“मी मघाशी शिट्टी मारली. मला ठाऊक नव्हतं.”

“तुमचंबी बरोबर होतं. मुहूर्त होता.”

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “वैशाखात माझ्या पोराचं लग्न आहे. विट्याला. बँड तुमचाच. एक करतो, पत्रिकेत परण्याची वेळ तासभर आधीची छापतो. कुणाला काही सांगायची गरज नाही. तुम्ही निवांत थांबत थांबत या.”

मला वाटलं, अण्णा आता हात जोडतील. त्यांनी लाडू मोडला, अर्धा मला दिला, अर्धा तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला.

“मामा, पत्रिकेत खरी वेळ छापा,” ते म्हणाले. “मीच परण्याच्या तासभर आधी निघीन.”